धुके आहे, असू द्या!

मराठीचे व्याकरण शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर दोन वाक्ये एकाखाली एक लिहिते : ‘मी विचार करते’ आणि ‘मला विचार येतो’. पहिल्या वाक्यात कर्ता मी. पोळ्या लाटणे किंवा वाण्याचा हिशेब मांडणे हे जसे माझे काम, तसेच विचार करणे हेही माझेच काम. दुसऱ्या वाक्यात मात्र कर्तेपण विचाराकडे गेलेले आहे. तो येतो, आणि मी केवळ ज्याच्या दारी पाहुणा आला तो यजमान. शिंक येते, झोप येते, राग येतो, आठवण येते, पाऊस येतो. त्याच पंगतीत विचारही येतो. आपल्या आज्या-पणज्यांनी मानसशास्त्राचे पानही न उलटता हा भेद भाषेत जपून ठेवला. आपण मात्र तो रोज रात्री साडेअकरानंतर विसरतो.

साडेअकरा ही वेळ मी उगीच लिहिलेली नाही. त्या सुमारास घरात निजानीज झालेली असते, गॅसचे बटण दोनदा पाहून झालेले असते, आणि मग डोक्यातली कचेरी उघडते. साहेबांना संध्याकाळी एवढा सविस्तर निरोप पाठवला, त्यांनी उत्तरादाखल नुसते ‘ओके’ का लिहिले? वन्संनी व्हॉट्सॲपवर आपला निरोप वाचला आहे, तरी गप्प आहेत. परवा हळदीकुंकवाला आपण सहज बोलून गेलो ते त्यांना लागले असेल काय? मुलाला विज्ञान शाखेला घातले ते बरे केले की वाईट? आईच्या गुडघ्यांचे काय करायचे? फ्लॅटचे हप्ते फिटेपर्यंत यांची नोकरी टिकेल ना? एकेक फाईल उघडते, निकालात एकही निघत नाही, आणि पहाटे तीनला कचेरी बंद होते ती सगळे कागद टेबलावर तसेच पसरलेले ठेवून.

दुसऱ्या दिवशी मग धुके. महाबळेश्वरच्या धुक्याचे फोटो लोक हौसेने काढतात. हे धुके दाखवायची सोय नाही. फ्रिज उघडून आपण उभ्याच राहतो, काय घ्यायला आलो ते आठवत नाही. वर्तमानपत्रातली एकच ओळ तीनदा वाचून होते आणि तिचा अर्थ काही डोक्यात शिरत नाही. ओठांवर आलेला शब्द हुलकावणी देतो. (चाळिशी ओलांडलेल्या प्राध्यापकांना हे भर वर्गात होते आणि मागच्या बाकावरून तो शब्द पुरवला जातो, हे मी अनुभवाने सांगते.) एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण त्या धुक्यातच एक नवा विचार येतो : ‘माझ्या डोक्याला काही झाले तर नाही ना?’ झाले! रात्रीच्या कचेरीला आणखी एक फाईल मिळाली. विचाराने धुके दाटते आणि धुक्याने विचार वाढतो.

अशा माणसाला घरोघर एकच सल्ला मिळतो. ‘अगं, तू फार विचार करतेस. सोडून दे बघू!’ सल्ला देणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण हा सल्ला पाळता येत नाही, आणि तो का पाळता येत नाही हे आता पुष्कळसे कळलेले आहे.

आपल्याकडे एक जुनी गोष्ट सांगतात. एका वैद्याने रोग्याला पुडी दिली आणि बजावले, की हे औषध घेताना माकडाची आठवण मात्र काढायची नाही. बिचाऱ्याला जन्मात माकड आठवले नव्हते. त्या दिवसापासून पुडी उघडली की माकड हजर! १९८७ साली डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट प्रयोगशाळेत करून पाहिली. फक्त त्यांनी माकडाच्या जागी पांढरे अस्वल घेतले. एकेका विद्यार्थ्याला खोलीत एकटे बसवले आणि सांगितले, की पाच मिनिटे मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, पण पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर समोरची घंटी वाजवा. घंटी सरासरीने मिनिटाला एकदाहून अधिक वाजली. याहून मौजेचा भाग पुढे आहे. नंतर त्याच विद्यार्थ्यांना ‘आता खुशाल अस्वलाचा विचार करा’ अशी मोकळीक दिली, तेव्हा ज्यांना पहिल्यापासूनच मोकळीक होती त्यांच्यापेक्षा या दडपणाऱ्यांच्या डोक्यात अस्वल अधिक वेळा आले.

वेग्नरने याची उपपत्ती पुढे अशी मांडली, की एखादा विचार टाळायचा म्हटला म्हणजे मनात दोन नोकर कामाला लागतात. एक दुसरीकडे लक्ष वळवण्याच्या खटपटीत असतो. दुसरा दारावर पहारा करतो आणि ‘तो आला काय, तो आला काय’ हे पाहत राहतो. आता ज्याला अडवायचे त्याचा चेहरा पहारेकऱ्याला विसरून कसे चालेल? तेव्हा तो चेहरा राखण्याचे काम स्वतः पहारेकरीच करतो. शिवाय पहिला नोकर दमला, रात्र झाली, डोके शिणले, की तो डुलक्या घेऊ लागतो आणि पहारेकरी तेवढा जागा राहतो. आपल्या साडेअकराच्या कचेरीचे रहस्य बहुधा यातच आहे.

मग सोडवत नाही तर निदान विचार पूर्ण करून टाकावा, एकदाचा छडा लावावा, असे काहींना वाटते. शहाणीसुरती माणसेच या मार्गाने जास्त फसतात. गाय रवंथ करते ती चारा पचवण्यासाठी. चार वेळा चघळला की तो खाली उतरतो. माणसाच्या रवंथीत चारा तोच राहतो आणि जबडा तेवढा दुखतो. सुसान नोलेन-होक्सेमा या विदुषीने या रवंथीचाच अभ्यास आयुष्यभर केला. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तिने काही विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची आणि उदास वाटले की ते काय करतात याची नोंद घेतली होती. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, त्या भागाला भूकंपाचा मोठा धक्का बसला. तिने त्याच विद्यार्थ्यांना भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी तपासले. उदासपणा आला की त्याच्याभोवतीच घोटाळत राहण्याची ज्यांना आधीपासून सवय होती, त्यांचे औदासीन्य भूकंपानंतर इतरांपेक्षा जास्त होते. धरणी सर्वांच्याच पायाखाली हादरली होती. काहींच्या डोक्यात ती पुढेही हादरतच राहिली.

म्हणजे विचार हाकलता येत नाही आणि चघळूनही संपत नाही. तिसरी वाट कोणती?

ती वाट दाखवणाऱ्या एका जपानी डॉक्टराची गोष्ट मला नेहमी आपल्याकडल्या वाचकांना सांगावीशी वाटते. कारण तिच्यात बाप आहे, परीक्षा आहे, मनीऑर्डरीची वाट पाहणे आहे आणि घरकाम आहे. शोमा मोरिता यांचा जन्म १८७४ साली जपानच्या शिकोकू बेटावर कोची प्रांतात झाला. वडील अभ्यासाच्या बाबतीत फार कडक. मुलगा लहान असताना एका देवळात त्याने नरकाचे चित्र पाहिले. पापी माणसांचे हाल पाहून तो इतका घाबरला, की मरणाच्या भीतीने त्याला पुढे पुष्कळ दिवस झोप लागेना. ही भीती मोठेपणी नाना रूपे घेऊन आली. छातीत धडधड, डोकेदुखी, थकवा, आणि पुस्तक उघडले की मन ठरेना. टोकियोच्या विद्यापीठात वैद्यक शिकायला गेला तेव्हाही औषधे चालूच होती.

परीक्षा जवळ आली आणि घरून पैसे येईनात. मोरिताला वाटले, बापाला आपली पर्वा नाही. तो संतापला. त्या संतापात त्याने ठरवले, की आता औषध नको, पथ्य नको. मरायचेच असेल तर अभ्यास करता करता मरू आणि बापाला दाखवून देऊ! (अशा रीतीने किती मुलांनी परीक्षा दिल्या असतील!) तो अभ्यासाला भिडला. धडधड होतच होती. पण तिची विचारपूस करायला आता त्याला सवड नव्हती. परीक्षेत तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला, आणि नवल असे की जे दुखणे वर्षानुवर्षे औषधांना दाद देत नव्हते ते या दुर्लक्षाने ओसरले.

दुसरा कोणी असता तर ही आठवण नातवंडांना सांगून गप्प बसला असता. मोरिता मनोविकारांचे डॉक्टर झाले, पुढे टोकियोच्या जिकेई वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक झाले, आणि आपल्याला काय झाले होते याचा त्यांनी वर्षानुवर्षे पिच्छा पुरवला. त्या काळची संमोहनापासून विश्रांतीपर्यंतची सारी साधने त्यांनी रुग्णांवर करून पाहिली. अखेर १९१९ च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या राहत्या घरी रुग्ण ठेवून घ्यायला प्रारंभ केला. पत्नी हिसाई त्या रुग्णांचे खाणेपिणे पाही आणि त्यांना कामालाही लावी.

उपचार ऐकण्यासारखा आहे. पहिला आठवडाभर रुग्णाने एकट्याने अंथरुणावर पडून राहायचे. वाचन नाही, गप्पा नाहीत, विडीकाडी नाही. विचार येतील ते येऊ द्यायचे. त्यांच्याशी भांडायचे नाही की त्यांना गोंजारायचे नाही. पहिले एकदोन दिवस बरे वाटते, मग विचारांचे मोहोळ उठते आणि जीव नकोसा होतो. पण मोहोळ जसे उठते तसे आपसूक बसतेही. हे रुग्णाला कोणी समजावून सांगत नाही, त्याला ते अनुभवाला येते. चारसहा दिवसांनी त्याला भयंकर कंटाळा येतो, आणि या कंटाळ्याचीच तर डॉक्टर वाट पाहत असतात! मग हलकी कामे द्यायची. अंगणातला पालापाचोळा गोळा करणे, असे काही. त्यानंतर अंगमेहनतीची कामे, बागकाम, साफसफाई, लाकडे फोडणे, स्वयंपाकाला मदत. शेवटी बाहेरच्या जगात परत. रोज रात्री रुग्णाने रोजनिशी लिहायची आणि डॉक्टरांनी तिच्यावर शेरे मारायचे. रुग्ण दुखण्याचे रडगाणे गाऊ लागला तर त्याला उत्तर द्यायचे नाही. ‘आज काय केले’ याला मात्र उत्तर असे.

या साऱ्यामागच्या भूमिकेला मोरितांचा शब्द आहे ‘अरुगामामा’. शेवटी मामा असला तरी हा आपल्या नात्यातला कोणी नव्हे. अर्थ एवढाच, ‘आहे तसे’. भीती वाटते आहे? आहे तशी असू द्या. डोक्यात धुके आहे? असू द्या. हाताशी काम कोणते आहे ते पाहा आणि भीतीसकट, धुक्यासकट त्याला लागा. आधी मन स्वच्छ होईल आणि मग मी कामाला लागेन, हा क्रम त्यांनी उलटा केला. खुंटाला बांधलेल्या गाढवाचा दृष्टान्त ते देत. सुटण्यासाठी ते गाढव खुंटाभोवती जितके फिरते तितका दोर गुंडाळला जातो, आणि शेवटी मान खुंटाला चिकटते. फिरायचे थांबले असते तर तेवढ्या दोरात चरायला पुष्कळ जागा होती.

त्यांचा आणखी एक विचार मला फार मोलाचा वाटतो. भीती आणि इच्छा ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, असे ते मानीत. ज्याला पास व्हायचेच नाही त्याला परीक्षेची भीती कशाला वाटेल? वन्संशी संबंध तुटले तरी चालतील असे ज्या बाईला वाटते ती ‘त्यांना लागले असेल काय’ म्हणून कूस बदलीत नाही. रात्री अकारण जागणारी माणसे बहुतेक फार जीव लावणारी असतात. तेव्हा भीती कापून काढायला गेलात तर तिच्याबरोबर इच्छाही कापली जाईल. भीतीला बाजूला बसू द्यावे आणि इच्छेचे काम करावे.

याच वाटेवर, मोरितांशी काही संबंध नसताना, ऑस्ट्रेलियातली एक बाई येऊन पोचली. क्लेअर वीक्स (१९०३–१९९०) मूळची प्राणिशास्त्राची पंडिता. सरड्यांच्या वर्गातल्या, अंडी न घालता पिले देणाऱ्या प्राण्यांवर तिने संशोधन केले होते, आणि सिडनी विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवणारी ती पहिली स्त्री. तरुणपणी तिला क्षय झाल्याचे चुकीचे निदान झाले आणि काही महिने ती आरोग्यधामात पडून राहिली. क्षय नव्हताच, पण तिथून बाहेर आली ती छातीतली धडधड बरोबर घेऊन. ‘हे हृदयाला काय झाले’ म्हणून ती सतत त्याकडेच कान लावून बसे. शेवटी पहिल्या महायुद्धात लढून आलेल्या एका मित्राने तिला सांगितले, की खंदकात आमचीही छाती अशीच धडधडे. ते भीतीचे काम, हृदयाचे नव्हे. वीक्सबाईंच्या ध्यानात आले, की पहिली भीती आपोआप येते; पण त्या भीतीला भिऊन आपण दुसरी भीती तिच्यावर घालतो, आणि दुखणे चालते ते या दुसरीवर. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि १९६२ साली त्यांनी सामान्य माणसांसाठी या विषयावर पुस्तक लिहिले. तोंड फिरवू नका, मान्य करा, अंग सैल सोडून तरंगा आणि काळाला त्याचे काम करू द्या, हे त्यांच्या उपदेशाचे सार. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला हे लगेच पटेल. अंग ताठ केले, हातपाय झाडले, की नाकातोंडात पाणी जाते; सैल सोडले की तेच पाणी उचलून धरते.

आता कोणी म्हणेल, ‘मान्य करा, मान्य करा’ म्हणजे शेवटी हातपाय गाळून बसा, असेच ना? आपल्याकडे तर या उपदेशाची आधीच रेलचेल आहे. सोसणाऱ्या सुनेला पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितले गेले. हा आक्षेप योग्य आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. मान्य करायची ती मनाची अवस्था, परिस्थिती नव्हे. वरच्या मजल्यावरून आपल्या न्हाणीघरात पाणी गळत असेल तर ते मुकाट्याने मान्य करणे हा शुद्ध बावळटपणा होय. वर जाऊन बोलायला संकोच वाटतो आहे, छाती धडधडते आहे, हे मान्य करायचे, आणि त्या धडधडीसकट जिना चढून दार वाजवायचे. जी नवऱ्याचा मार खाते आहे तिने भीती मान्य करावी आणि मदत मागायला जावे; मार मान्य करू नये. ‘भीती गेली की जाईन’ असे म्हणत थांबलेल्या कितीतरी बायकांचे आयुष्य उंबरठ्यावरच सरले.

विचारांशी वाद घालण्याचीही एक पद्धत आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून ती अमेरिकेत मांडली, आणि मुंबईच्या किशोर फडके यांनी आपल्याकडे तिचा मोठ्या निष्ठेने प्रसार केला. ‘सर्वांनी मला चांगलेच म्हटले पाहिजे’ यासारखा अविवेकी हट्ट मनात दडून बसलेला असेल तर त्याला उजेडात आणून खोडणे केव्हाही चांगले, आणि माझ्या परिचयातल्या काहींना त्याचा उत्तम उपयोग झाला आहे. पण ज्यांच्या डोक्यात आधीच उभयपक्षांचे वकील रात्रभर भांडताहेत, त्यांच्या न्यायालयात तिसरा वकील पाठवून कज्जा मिटतो असे मला दिसलेले नाही. त्यांनी काही वेळ न्यायालयच उठवावे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो, की मन वाऱ्यासारखे आवरायला कठीण आहे. त्यावर श्रीकृष्णाने पहिल्याप्रथम काय केले? ‘छे, तसे काही नाही’ असे म्हटले नाही. ते खरे आहे, असे सांगून मगच अभ्यासाची आणि वैराग्याची गोष्ट काढली. समर्थांनीही २०५ श्लोक मनाला उद्देशून लिहिले ते त्याला ‘सज्जन’ म्हणून हाक मारून.

हे सगळे पुस्तकी वाटत असेल तर माझ्या एका विद्यार्थिनीची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे फिरवले आहेत. मुलगी लहान गावातून आलेली, वसतिगृहात राहणारी, वर्गात अतिशय हुशार. तृतीय वर्षाच्या पहिल्या सत्राला तीन तासांत तिने दीड पान लिहिले. पेपर कठीण होता असे नव्हे. पहिले वाक्य लिहायचे, ते बरोबर आहे का याचा विचार करायचा, खोडायचे, पुन्हा लिहायचे. तेवढ्यात डोक्यात धुके भरून येई, मग धुके भरल्याची धास्ती. वडिलांचे किराणा मालाचे दुकान. निकाल पाहून ते म्हणाले, ‘झेपत नसेल तर राहू दे; स्थळे येताहेतच.’ ते काही दुष्ट नव्हते, मुलीचे हाल त्यांना बघवत नव्हते. पण ती परत गेली असती तर पुन्हा आली नसती, हे तिला आणि मला दोघींनाही दिसत होते.

मी तिला प्रथम महाविद्यालयाच्या समुपदेशकांकडे पाठवले. मनाच्या बाबतीत प्राध्यापकाने वैद्य होऊ नये. माझ्याकडून एवढेच केले, की रोज चार वाजता आमच्या खोलीत बसून तिने वीस मिनिटे लिहायचे. खोडायचे नाही. मन काही बोलू लागले तर ते डावीकडच्या समासात टाकायचे आणि मजकूर पुढे चालू ठेवायचा. पहिल्या आठवड्यात समासच भरून गेला. ‘हे चूक आहे’, ‘मॅडम हसतील’, ‘काही सुचत नाही’, ‘डोके जड’. मजकुराच्या चार ओळी. मी समास वाचीत नसे, चार ओळी वाची आणि शुद्धलेखन तपासून परत देई. महिनाभराने चार ओळींच्या वीस झाल्या. समासात लिहिणे चालूच होते, फक्त तिला आता त्याची सवड कमी मिळे. वार्षिक परीक्षेच्या पहिल्या पेपरानंतर ती जिन्यात भेटली. मी काही विचारण्याआधीच म्हणाली, ‘मॅडम, धुके होते. पण पेपर झाला.’ पहिला वर्ग काही तिला मिळाला नाही. उत्तीर्ण झाली, बी.एड. केले, आणि आज शाळेत शिकवते. मधूनमधून फोन येतो तेव्हा सांगते, की पालकसभेच्या आदल्या रात्री अजूनही झोप लागत नाही.

प्रत्येक धुके मात्र विचारांचेच असते असे समजू नये. थायरॉइडची ग्रंथी मंदावली, रक्त कमी झाले, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले, साखर वरखाली झाली, की डोके जड राहते, विसरायला होते. बी-१२ ची उणीव शाकाहारी घरांत तर पुष्कळ आढळते. रजोनिवृत्तीच्या सुमारास अनेक स्त्रियांना शब्द आठवेनासे होतात आणि त्या मनातल्या मनात घाबरून जातात. सर्दीच्या काही गोळ्यांनीही दिवसभर गुंगी राहते. २०२० नंतर कोविड होऊन गेलेल्या कितीतरी जणांनी महिनोन्‌महिने हे धुके अनुभवले. रात्री घोरणारा आणि दिवसा पेंगणारा गृहस्थ विचारी नसतो; त्याचा श्वास झोपेत अडत असण्याचा संभव असतो. तेव्हा अगोदर डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्यावे आणि मग अरुगामामाकडे वळावे. तसेच दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, अन्न-झोप उडाली असेल, किंवा जगणेच नको असे विचार येत असतील, तर ‘आहे तसे’ म्हणून घरी बसू नये. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर रात्री-बेरात्री केव्हाही विनामूल्य फोन लावता येतो आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक दूधवाल्याच्या आणि गॅसवाल्याच्या क्रमांकांशेजारी लिहून ठेवायला हरकत नाही.

मोरितांची गोष्ट मी अर्धीच सांगितली. माणसांना भीतीसकट जगायला शिकवणारा हा डॉक्टर स्वतः पुढे निर्भय झाला असेल, असे आपल्याला वाटते. तसे झाले नाही. प्रकृती त्यांना कधीच धड नव्हती. १९३० साली त्यांचा एकुलता एक मुलगा गेला, १९३५ मध्ये हिसाई गेली. मुलाचे दुःख त्यांनी लपवले नाही. १२ एप्रिल १९३८ रोजी, चौसष्टाव्या वर्षी ते वारले. अखेरच्या आजारात आपल्याला मरणाची भीती वाटते, मरायचे नाही, असे म्हणत ते शिष्यांसमोर रडले, असे त्यांच्या परंपरेत सांगतात. देवळातले ते नरकाचे चित्र त्यांना शेवटपर्यंत सोडून गेले नव्हते. मधल्या काळात त्यांनी ग्रंथ लिहिले, विद्यार्थी घडवले, घरात रुग्ण ठेवून घेतले आणि त्यांच्या रोजनिश्या वाचून शेरे लिहिले.